जुनी हॅचबॅक ट्रॅकवर नेण्यापूर्वी मांडायचा उष्णतेचा हिशेब

यवतमाळहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर जायचे, तर पांढरकवड्याला राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून आधी हैदराबाद आणि तिथून पुढे चेन्नई, असा हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करावा लागतो. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट आणि कोइम्बतूरचा कारी स्पीडवे त्याहूनही लांब पडतात. पुणे किंवा बंगळूरच्या हौशी चालकाची गाडी बिघडली, तर तो पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ शकतो. आपल्याकडचा माणूस मात्र कापसाचे किंवा सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर वर्षातून एकदा, फार तर दोनदा जातो, आणि तिसऱ्या फेरीत रेडिएटरचा पाइप फुटला तर त्याचे सगळे वर्ष वाया जाते. म्हणून विदर्भातल्या खेड्यात राहून कमी खर्चात ट्रॅकची गाडी बनवायची असेल, तर गाडी किती जोरात पळते यापेक्षा ती दिवसभर न तापता पळते का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. या लेखातील सर्व विवेचन त्या एका प्रश्नाभोवती आहे.

साध्या, पाच जणांच्या छोट्या गाडीत ताकदवान इंजिन आणि घट्ट सस्पेन्शन बसवले, की तिला जगभर ‘हॉट हॅच’ म्हणतात. १९७६ साली विक्रीला आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमुळे हा प्रकार लोकप्रिय झाला. तिचे इंजिन १.६ लिटरचे आणि ११० अश्वशक्तीचे होते, पण गाडी हलकी असल्यामुळे तेवढी शक्ती पुरेशी होत असे. भारतात या नावाला शोभतील अशा गाड्या मोजक्याच आल्या. २००१ साली फियाटने पालिओ १.६ आणली, २०१३ साली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली आणि २०१५ साली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो आली. २००५ सालची १.३ लिटर पेट्रोल स्विफ्ट कागदावर ८७ अश्वशक्तीचीच होती, तरी तिचे वजन साधारण एक टनाच्या घरात असल्यामुळे आणि तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळत असल्यामुळे, सुरुवात करणाऱ्याने तिचा विचार आधी करावा असे माझे स्पष्ट मत आहे. टर्बो असलेल्या किंवा स्वयंचलित गिअरबॉक्सच्या जुन्या गाड्या आकर्षक वाटतात, परंतु त्यांचा एक सेन्सर किंवा क्लचचा एक संच नागपूरहून मागवताना जो खर्च होतो, त्यात साध्या गाडीचे ब्रेक, टायर आणि शॉकअप असे तिन्ही नवे होऊ शकतात.

गाडी निवडताना आपल्या हवामानाचा एक फायदा आणि एक तोटा लक्षात ठेवावा. कोकणातल्या गाडीचा पत्रा जसा खालून गंजतो, तसा आपल्याकडच्या कोरड्या हवेत सहसा गंजत नाही, त्यामुळे पंधरा वर्षांची गाडीही सांगाड्याने चांगली निघू शकते. रबर मात्र इथे लवकर संपते. चार-पाच उन्हाळे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचे कूलंटचे होज पाइप, पट्टे, इंजिनचे माउंट, सस्पेन्शनचे बुश आणि ड्राइव्ह शाफ्टवरचे रबरी बूट बोटाने दाबले तरी कडक लागतात, आणि वाकवले की त्यांवर बारीक भेगा दिसतात. रोजच्या वापरात हे भाग आणखी दोन वर्षे टिकतील, पण ट्रॅकवर वीस मिनिटे टिकतील याची खात्री देता येत नाही. म्हणून विकत घेताना ठरलेल्या किमतीत रबराच्या सगळ्या भागांचा खर्च मनातल्या मनात आधीच मिळवून ठेवावा. पेट्रोलच्या नळ्याही यातच आल्या, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या गाड्यांतील रबर त्या मिश्रणासाठी बनवलेले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ट्रॅकवर गाडीला जे सोसावे लागते ते समजण्यासाठी एक छोटे गणित पुरेसे आहे. एक टन वजनाची गाडी ताशी १४० किलोमीटरवरून ७० किलोमीटरवर आणली, की साधारण ५६७ किलोज्यूल गतिज ऊर्जा कमी होते. ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. हवेचा अवरोध थोडा वाटा उचलतो, बाकी बहुतेक सारी उष्णता ब्रेकच्या डिस्कमध्ये आणि पॅडमध्ये जाते. तेवढ्या उष्णतेत सुमारे दोन लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत नेता येते. हे काम तीन-चार सेकंदांत होते आणि त्यातला साधारण ७० टक्के भार पुढच्या दोन चाकांवर येतो. एका फेरीत असे चार-पाच वेळा घडते, आणि वीस मिनिटांच्या एका सत्रात चाळीस ते पन्नास वेळा. रस्त्यावर घाट उतरतानासुद्धा ब्रेकला इतके काम नसते.

पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो तेव्हा माझ्याबरोबर आलेला मित्र चौथ्या फेरीनंतर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवण्याच्या जागेत, आला आणि म्हणाला, “भाऊ, पेडल पुरं आत जाऊन रायलं, गाडी थांबूनच नाही रायली.” पॅड नवे होते, डिस्क चांगली होती. दोष ब्रेक ऑइलचा होता, आणि तो कसा निर्माण होतो हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

आपण पेडल दाबतो तेव्हा तो दाब द्रवामार्फत पॅडपर्यंत पोहोचतो, कारण द्रव दबत नाही. परंतु ब्रेक ऑइल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. नवे डॉट ३ दर्जाचे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत आणि डॉट ५.१ किमान २६० अंशांपर्यंत. ओलावा शिरला की याच तीन प्रकारांसाठी ठरवलेली किमान मर्यादा अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० अंशांवर येते. म्हणजे दोन-तीन पावसाळे पाहिलेले डॉट ४ ऑइल नव्या डॉट ३ पेक्षाही लवकर उकळू शकते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात, वाफ दबते, आणि पायाखाली पेडल नुसतेच खाली जाते. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा कडक होते, म्हणून गावी परत आल्यावर मिस्त्रीला काहीच दोष सापडत नाही.

यावरचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे आणि तरीही सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. ट्रॅकवर जाण्याच्या आदल्या आठवड्यात चारही चाकांतून जुने ऑइल पूर्ण काढून नवे डॉट ४ किंवा डॉट ५.१ भरावे आणि हवा काढून घ्यावी. डबा सीलबंदच आणावा. गॅरेजच्या फळीवर अर्धा उघडा राहिलेला डबा पावसाळाभर ओलावा पीत असतो, तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. डॉट ५ हे नाव डॉट ५.१ सारखे दिसते, पण ते सिलिकॉनचे वेगळे ऑइल आहे आणि इतर प्रकारांत मिसळायचे नसते. त्यानंतर जुन्या रबरी ब्रेक होज बदलाव्यात, आणि जमल्यास अधिक तापमान सोसणारे पॅड घ्यावेत. शुद्ध ट्रॅकचे पॅड थंड असताना कमी पकडतात, म्हणून तीच गाडी बाजारालाही न्यायची असेल तर मधला प्रकार निवडावा. सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता हळू मारावी, आणि पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड किंवा ठोकळा लावावा. तापलेले भाग एकमेकांवर दाबून ठेवले की पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे पेडलमध्ये थरथर जाणवते. मागे ड्रम असतील तर लायनर ड्रमला धरून बसतात.

ब्रेकइतकेच लक्ष इंजिनच्या थंडाव्याला द्यावे. पेट्रोल जळून जी ऊर्जा मिळते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि जवळपास तेवढीच कूलंटमधून रेडिएटरकडे येते. ८७ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ६४ किलोवॉट. पूर्ण जोरावर चाललेल्या इंजिनच्या रेडिएटरला जवळपास तितकीच उष्णता हवेत टाकावी लागते, म्हणजे दोन किलोवॉटच्या तीसेक विजेच्या शेगड्या एकदम पेटवल्यासारखे ते काम आहे. रस्त्यावर आपण ही पूर्ण शक्ती काही सेकंदच वापरतो, त्यामुळे अर्धा तुंबलेला रेडिएटरही वर्षानुवर्षे कुरकुर करत नाही. त्यात आपल्याकडच्या हवेचा भाग वेगळाच आहे. कूलंट १०० अंशांवर आणि बाहेरची हवा २५ अंशांवर असेल, तर दोहोंतील फरक ७५ अंशांचा असतो. नवतप्यात हवा ४५ अंशांवर गेली की फरक ५५ अंशांवर येतो, आणि तोच रेडिएटर जवळपास पाव हिश्श्याने कमी उष्णता बाहेर टाकतो. म्हणून मे महिन्यात गावी गाडीची चाचणी घेताना काटा वर चढला नाही, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या ट्रॅकच्या दिवशी तो निश्चिंत राहतो असे मी धरून चालतो. चाचणी म्हणजे वेग नव्हे. गुरे, सायकली आणि कापसाच्या गाड्या असलेल्या आपल्या रस्त्यांवर ट्रॅकचा सराव करण्याचा विचारही मनात आणू नये. उन्हात एसी लावून खालच्या गिअरमध्ये लांब चढ चढवला, तरी थंडाव्याची यंत्रणा कशी आहे ते कळते.

रेडिएटर बाहेरून तुंबतो आणि आतूनही तुंबतो. बाहेरून तुंबण्याची गोष्ट ट्रॅक्टर चालवणाऱ्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. सोयाबीनच्या मळणीनंतर उडालेले कुटार, जिनिंगच्या रस्त्यावर उडणारी रुई आणि काळ्या मातीची बारीक धूळ हे सगळे जाळीच्या पापुद्र्यांत बसते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्यामुळे दोहोंच्या मध्ये साचलेला थर समोरून दिसत नाही. तो काढण्यासाठी रेडिएटर सोडवून इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला कमी दाबाने पाणी मारावे. वॉशिंग सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याने पापुद्रे दुमडतात आणि मग हवाच जात नाही.

आतून तुंबण्याचे कारण आपले पाणी आहे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असते. चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही बसतो आणि उष्णता अडवतो. मागच्या मालकाने रस्त्यात बाटलीने पाणी टाकत गाडी चालवली असेल, तर रेडिएटर धुऊन फारसे साधत नाही, तो बदलणेच योग्य ठरते. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर सम प्रमाणात घ्यावे. झाकणाकडे कुणी पाहत नाही, पण त्याचे काम कुकरच्या शिटीसारखे आहे. आत सुमारे एक बार जादा दाब धरून ठेवला, तर साधे पाणीदेखील १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि हेड गॅस्केटवर संकट येते. नवे झाकण काही शे रुपयांत मिळते. आपल्याकडे अनेक मिस्त्री गाडी तापली की थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर रेडिएटरकडचा मार्ग उघडणारी झडप, काढून फेकतात, तेही टाळावे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना जवळचा बायपास मार्ग बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच फिरतो.

इंजिन ऑइलबद्दल एकच गोष्ट विस्ताराने सांगतो. लांब वळणावर ऑइल तळपात्राच्या एका बाजूला चढते आणि पंपाची नळी क्षणभर हवा ओढते. त्या क्षणी बेअरिंगवर ऑइलचा थर राहत नाही. यासाठी पातळी नेहमी वरच्या खुणेवर ठेवावी आणि प्रत्येक सत्रानंतर तपासावी, कारण उंच आरपीएमवर जुने इंजिन ऑइल खाते. कंपनीने दिलेल्या मर्यादेत राहून थोडे घट्ट, म्हणजे ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४० ऑइल निवडता येते. ट्रॅकचे दोन दिवस झाले की ते बदलावे. टायमिंग बेल्टच्या गाडीत मागचा बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर तो त्याच दिवशी बदलावा आणि त्याबरोबर वॉटर पंपही.

टायरच्या बाबतीत रुंदीपेक्षा वय महत्त्वाचे. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. पाच वर्षांहून जुने टायर नक्षी शिल्लक असली तरी ट्रॅकवर नेऊ नयेत, आणि रिमोल्ड केलेले टायर तर कोणत्याही परिस्थितीत नेऊ नयेत. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत तीच दोन चाके वळवतात, ओढतात आणि जास्तीचा ब्रेकही सोसतात, त्यामुळे पुढचे टायर आधी तापतात. टायरमधील हवा ३० अंशांवर ३० पीएसआय असेल आणि टायर आतून ८० अंशांवर गेला, तर दाब ३७ पीएसआयच्या आसपास पोहोचतो. टायर फुगून मधला पट्टाच टेकतो आणि गाडी वळणावर बाहेर सरकू लागते. म्हणून पिटमध्ये आल्याबरोबर, टायर गरम असतानाच दाब मोजून जादा हवा काढावी. संध्याकाळी टायर थंड झाले की हाच दाब रस्त्यासाठी फार कमी ठरतो, तेव्हा परतीला निघण्यापूर्वी हवा पुन्हा भरायला विसरू नये.

सस्पेन्शनमध्ये खर्च करण्यापूर्वी झिजलेले शॉकअप, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट नवे करावेत, कारण आपल्या रस्त्यांनी ते बहुधा संपवलेलेच असतात. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगचे वेटोळे कापण्याची पद्धत गावोगावी आहे आणि ती धोकादायक आहे. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग अधिक कडक होते, शॉकअपचा प्रवास संपून तो तळाला आदळतो, आणि चाक हवेत लटकले तर मोकळी झालेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सरकू शकते. पैसे असतील तर त्या गाडीसाठी बनवलेला स्प्रिंग आणि शॉकअपचा जोड घ्यावा. नसतील, तर मूळचेच नवे भाग बसवून चांगल्या यंत्रावर अलाइनमेंट करावे. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि टायरची बाहेरची कड घासते. चाके वरच्या बाजूने थोडी आत कललेली असली, तर वळणात पूर्ण टायर टेकतो. मिस्त्री त्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. तो किती हवा हे टायरच्या झिजेवरून ठरवावे.

कायद्याचा भाग टाळता येणार नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल रस्त्यावरील वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्यामुळे दोनच मार्ग उरतात. गाडी मूळ स्वरूपात ठेवून ब्रेक ऑइल, पॅड, टायर, कूलंट अशा देखभालीच्या गोष्टी उत्तम करायच्या आणि ती चालवत न्यायची, किंवा पूर्ण बदललेली गाडी ट्रकवर लादून न्यायची. हजार किलोमीटरचे भाडे पाहता सुरुवातीची दोन-तीन वर्षे पहिलाच मार्ग परवडतो.

सुरक्षेसाठी चांगले हेल्मेट घ्यावे, सैल सामान आणि पायाखालची मॅट काढावी, बॅटरी घट्ट बांधावी आणि मूळ सीट व मूळ तीन टोकांचा पट्टाच वापरावा. नुसता रेसचा पट्टा साध्या सीटवर बांधणे किंवा आत लोखंडी नळ्यांचा संरक्षक पिंजरा बसवून तीच गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवणे, या दोन्ही गोष्टींनी इजा वाढू शकते.

इंजिनची ताकद वाढवण्याचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे, प्रोग्रॅमिंग बदलून टर्बो गाडीची शक्ती सहज वाढते, पण वाढलेल्या प्रत्येक किलोवॉटमागे जवळपास तेवढीच जादा उष्णता त्याच रेडिएटरकडे येते आणि सरळ रस्त्याच्या टोकाला वाढलेला वेग त्याच ब्रेकला उतरवावा लागतो. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून आवाज बराच आणि शक्ती थोडीच वाढते. शिवाय काही मोकळ्या जाळीचे फिल्टर काळ्या मातीची बारीक धूळ आत सोडतात, ती वेगळीच. मागची सीट, स्टेपनी आणि जॅक ट्रॅकवर काढून ठेवले तर काहीही विकत न घेता चाळीसेक किलो वजन कमी होते, आणि त्याचा लाभ वेग, ब्रेक आणि टायर या तिन्हींना मिळतो.

माझ्या गाडीत एक शंभर पानी वही असते. तिच्यात किलोमीटरऐवजी ट्रॅकवरची मिनिटे लिहिलेली असतात, कारण ट्रॅकवरची शंभर मिनिटे आणि रस्त्यावरचे शंभर किलोमीटर यांची तुलनाच होत नाही. प्रत्येक सत्रानंतर चारही टायरचा गरम दाब, कूलंटचा काटा, ऑइलची पातळी आणि पॅडची उरलेली जाडी मी नोंदवतो, आणि टॉर्क पान्याने चाकांचे नट तपासतो. मागच्या खेपेला दुसऱ्या सत्रानंतर पुढच्या डाव्या पॅडची जाडी उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी भरली. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची पिन सुकून अडकली होती. ती तिथेच काढून साफ केली, ग्रीस लावले, आणि चौथ्या सत्रापर्यंत गाडी सरळ रेषेत थांबत राहिली.